ठमीला सोडून बस निघाली

हॅलो?

हॅलो… कोण? … ठमी? अगं, फोन कशाला करतेस? तू बसच्या उघड्या टपावर बसलीयेस, मी खाली बसलेय, मध्ये एक जिना आहे. एवढ्याशा जिन्यासाठी फोन? पैसे वर आलेत का तुझे?

काय? … मोठ्याने बोल. इथे अगदी इंजिनाच्या डोक्यावर बसवलंय मला.

कारंज्यापाशी? … हो, पाहिलं की कारंजं. मगाशीच पाहिलं. दगडी मासे आहेत, तोंडातून पाणी उडवतात. आपल्या डेपोतल्या नळाला थेंब नाही आणि इथे मासे गुळण्या करतायत. पाहिलं. आता पुढे बघ, पूल येईल, नदी येईल.

तू अजून कारंज्यापाशी आहेस म्हणजे काय? … मनाने?

थांब, थांब. मला तू दिसतेयस. जिन्याखालून मान वाकडी करून बघतेय. वर पहिल्या सीटवर तुझी पिवळी टोपी आहे. … अगं टोप्या सगळ्यांनाच दिल्या गाईडने, पण लाल फूल फक्त तुझ्या टोपीवर आहे. हात हलव बघू. … हलवलास? … खोटारडी. नाही हलवला. … मागे वळ. … वळलीस? कुठे वळलीस? ठमे, सहलीच्या शेवटच्या दिवशी चेष्टा नको. मला जिना चढायला लावू नकोस, गुडघे शिव्या देतात.

बरं बाई. चढते. धर फोन. … सरका हो जरा. पाय आत घ्या. … हो, मीही प्रवासीच आहे, पण पाय आत घ्या. … ठमे. ए ठमे. ऐकू येत नाही का, अगं…

अगंबाई.

हॅलो? ठमे… हे तुझं अस्वल आहे गं.

अस्वल. काल बाजारात भाच्यासाठी घेतलंस ते. कठड्याशी बसवलंयस तू त्याला. … त्याला टोपी कुणी घातली? … का? … टोपी वाऱ्याने उडेल म्हणून अस्वलाला घातलीस. आणि अस्वल उडालं असतं तर?

म्हणजे तू खरंच राहिलीस.

हो, हो… अगं ऐक ना… ऐक… ओरडू नकोस. फोन कानापासून लांब धरला तरी ऐकू येतंय. इथले लोक माझ्याकडे बघतायत. … बस सुटली. … कुणी सोडली म्हणजे? सुटली. आपोआप. … बरं, नाही सुटत आपोआप. मलाही माहितीये. इतकी वर्षं कंडक्टरकी केलीये.

सांगते. पण मध्ये बोलायचं नाही. … दारापाशी एक दोरी लटकतेय, जुन्या गाड्यांना असायची तशी. मला वाटलं शोभेची आहे, फोटो काढायला. मी दारात उभी राहिले. खालची डोकी मोजली, वर जाऊन वरची डोकी मोजली, हिशोब जुळला, खाली आले आणि हात गेला दोरीकडे. डबल बेल. … मी नाही गं, हात गेला. तो मला विचारून थोडाच जातो. आणि या ड्रायव्हरला खरंच घंटा ऐकू येते हे मला काय माहीत? आपल्याकडे तर येत नाही.

तुला मोजलं होतं. … हो. अस्वल मोजलं.

अगं पाठमोरं तसंच दिसतंय. … जाडी नाही म्हटलं. पाठमोरं म्हटलं. … टोपी तुझी, मांडीवर पर्स तुझी, पायाशी चपला तुझ्या. अख्खी तू बसलीयेस इथे. फक्त बडबड नव्हती, तेव्हा मला संशय यायला हवा होता.

थांब. चपला इथे आहेत, मग तू… अनवाणी? … टाचेला फोड आला म्हणून पाय पाण्यात बुडवायला गेलीस. छान. पर्सही इथे. ओळखपत्र पर्समध्ये. … मग तुझ्याकडे आहे काय? … फोन आणि अर्धी काकडी. बरं, काकडी खाऊन घे, डोकं थंड राहील.

अगं गाईड होता ना. धावत येऊन मागून चढला बिचारा. धापा टाकत विचारलं, कुणी राहिलं का? मी म्हटलं, सगळे आहेत, मी मोजलेत. असं ठासून सांगितलं की त्याने पुन्हा मोजलंच नाही. … हो. आता बोलते त्याच्याशी. … अहो गाईडदादा. एक राहिलीये. … नाही, मोजणी बरोबर होती, एक अस्वल निघालं. … गाडी फिरवा. … का? … बरं थांबवा तरी. … ठमे, तो म्हणतो रस्ता एकमार्गी आहे, मध्ये थांबता येत नाही, आता पूल ओलांडून थेट विमानतळ. आणि त्याने ती दोरी वर गुंडाळून ठेवलीये. मला सांगतो, ताई, हिला हात लावू नका.

पेंगू? ती मागच्या सीटवर झोपलीये. राजवाडा झोपेत गेला, संग्रहालय झोपेत गेलं, आता तू झोपेत गेलीस. तिला उठवून काय करू? ती डेपोत ड्यूट्या लावते ना, उठली की विचारेल, ठमीच्या जागी बदली कोण?

काय म्हणालीस?

परत बोल. … मुद्दाम?

मी. मुद्दाम. तुला सोडलं.

ठमे, माझा आवाज चढायच्या आत ते मागे घे. … उद्या सकाळी परीक्षा आहे हे मला तू सांगतेस? दोघींनी एकाच दिवशी अर्ज भरला, एकाच मैदानात त्या भंगार गाडीवर हात साफ केला, लायसन आपलं दोघींचंही कोरं करकरीत. … हो, जागा एकच. ती मी काढली का? साहेबांनी काढली. सगळ्या डेपोत बायकांसाठी ड्रायव्हरची एक जागा, आणि वर पेढ्यासारखं तोंड करून सांगतात, सुरुवात तर झाली ना. स्वतःच्या केबिनमध्ये दोन पंखे, सोफा, पाहुण्यांसाठी वेगळ्या कपबश्या. आणि आपल्या दोघींत एक स्टिअरिंग. काय करायचं, एकीने दुसरीच्या मांडीवर बसायचं? … हसू नकोस, मी चिडलेय.

ऐक. मला ती जागा हवी आहे. खोटं कशाला बोलू? हवीच आहे. रोज दारात लोंबकळून पाय सुजले माझे, समोर बसून रस्ता बघायचाय मला. तुझ्यापेक्षा जास्त हवी आहे म्हण. पण तू विमान चुकवून कारंज्यात पाय सोडून बसली असताना नको. समोरासमोर हरवीन तुला. नाहीतर हरेन. … हो, हरेनही. म्हटलं ना.

आणि ही सहल कुणी काढली? पेंगूने. काय म्हणाली होती? परीक्षेनंतर एकीचं तोंड वाकडं असणार, म्हणून तोंडं सरळ आहेत तोवर फिरून या. मी मुकाट्याने आले. चार दिवस तुझं घोरणं ऐकलं. सोडायचंच असतं तर पहिल्या रात्री सोडलं असतं.

… हं. … हं. … बरं, मागे घेतलंस ना? … पुटपुटून नाही. नीट. … चल. मिटलं.

आता रडत बसू नकोस. आजूबाजूला काय दिसतं ते सांग. … कबुतरं नकोत. वाहन सांग. … टॅक्सी नाहीत? … सगळ्या भरलेल्या. हात कर तरी. … अनवाणी बाई हातात काकडी घेऊन हात करतेय, मीही थांबले नसते. … अजून काय? … साधी बस? शहरातली? … पाटी वाच. पाटी वाच गं, आयुष्यभर दुसऱ्यांना वाचून दाखवलीस. … विमानतळ? मग उभी काय आहेस, चढ.

पैसे नाहीत तर नाहीत. ‘स्टाफ’ म्हण, बसवाल्यांना तिकीट नसतं. … दुसऱ्या गावची असली म्हणून काय झालं? बस ती बस. … म्हणालीस? … कंडक्टर काय म्हणतो? … ओळखपत्र मागतो. साहजिक आहे, मीही मागितलं असतं. फोन दे त्याच्याकडे. दे गं.

नमस्कार दादा. मी तिची मैत्रीण, एकाच डेपोतली. … हो, तिला सोडून गेली तीच मी. पोचली का बातमी तुमच्यापर्यंत? … ओळखपत्र आहे हो, पण ते अस्वलाजवळ आहे. … अस्वल. … नाही हो, जिवंत नाही. … दादा, खोटं बोलायचं असतं तर मी काहीतरी शहाण्यासारखं बोलले असते ना? … बरं, असं करा. तिच्या उजव्या हाताचा अंगठा बघा. बाजूने. घट्टा आहे की नाही? तिकिटं फाडून फाडून झालाय. आमच्याकडे मशीन आलं, पण घट्टा काही जात नाही. … तुमच्याही आहे? त्याच जागी? … मग आता अजून काय कागद हवा तुम्हाला? … देव तुमचं भलं करो. तिला बसायला जागा देऊ नका, सवय नाही तिला. … द्या फोन.

चढलीस? … कशाला आभार, अंगठ्याचे मान. … काय करतोय तो? … तुला पुढे सरका म्हणाला? तुला? … मग सरकलीस का? … कसं वाटलं? … हं. मलाही कुणीतरी असं एकदा म्हणायला हवं. आपण दिवसभर लोकांना ढकलतो ते काही फार गोड नसतं.

हे बघ, तुमची बस आमच्या मागूनच येणार. विमानतळावर दाराशी थांब, मी ओळखपत्र घेऊन येते. तुझ्याविना आम्ही आत जात नाही आणि ओळखपत्राविना तुला आत घेत नाहीत. झाला निकाल.

हो… हो… अगं ऐक… एक मिनिट. आम्ही थांबलो. … पुलावर. … काय माहीत, सगळंच थांबलंय. इथे वर उघड्यावर उभी आहे मी, दिसतंय… लांबवर गाड्या. … पुढे एक पाण्याचा टँकर आडवा झालाय. पार आडवा. … आता तू म्हणशील, टँकरही मीच मुद्दाम लावला.

गाईड म्हणतो, होईल मोकळं. कधी, तर होईल तेव्हा. विमानवाले तासाभरात दार लावून घेतील, त्यांना टँकर सांगून काय उपयोग? … अगं मलाही माहितीये, आज नाही उडालो तर उद्या परीक्षा नाही. दोघींचीही नाही. साहेब खूश होतील. म्हणतील, बायकांसाठी जागा काढली होती, पण त्या आल्याच नाहीत, फिरायला गेल्या होत्या. … तेच तर. ते वाक्य मला आत्तापासून ऐकू येतंय.

थांब, डाव्या बाजूने एक लाल बस येतेय. शहरातल्या बसची वेगळी पट्टी आहे इथे, चैन आहे. … ठमे, दारात लटकलेली पिवळ्या साडीतली तूच का? … ए. वर बघ. वर. … दिसलीस. अगं पाय बघ किती काळे केलेस. … उतर, उतर, हीच ती बस. … अहो थांबवा… गेली. अशी कशी गेली? … तू डबल बेल का दिली नाही— थांबायला सिंगल, हो. मी घाबरलेय, चुकतं माणसाचं.

आता कुठे आहेस? … तुम्हीही अडकलात? टँकरच्या अगदी शेजारी? … त्याचं तोंड तुमच्या पट्टीत घुसलंय. बरोबर, इथून दिसतंय. … मग तू उतर आणि मागे चालत ये. मी सामान उतरवते. पेंगू… ए पेंगू. … उठत नाही ही. … ठमे, येतेयस ना?

तू उलट्या बाजूला का चाललीयेस? मला दिसतंय वरून. आमची बस मागे आहे, तू पुढे जातेयस. … टँकरवाल्याकडे? त्याच्याकडे काय काम?

… अच्छा. … कुणाला लागलं नाही ना? … मोटारसायकलवाला आडवा आला, याने जीव खाऊन वळवली. मग? … आता स्टिअरिंगला हात लावत नाही म्हणतो. बसू दे त्याला, पाणी दे. … सगळे सल्ले देतायत? देणारच. मोटारीत बसलेल्या माणसाला दुसऱ्याच्या स्टिअरिंगचं सगळं समजतं. आणि भोंगे वाजवतायत. भोंग्याने टँकर सरळ होत असता तर आपल्या साहेबांनी डेपो चालवला असता.

… काय म्हणालीस?

तू. टँकर.

ठमे, तुझी टाच फुटलीये. अनवाणी क्लच दाबणार आहेस का? … आणि भरलेला आहे तो. पाणी हलतं आत, आपल्या भंगार गाडीत पाणी नव्हतं. … त्याने किल्ली दिली? लायसन न बघता? … अंगठा दाखवलास? आता काय सगळीकडे अंगठाच दाखवणार का?

बरं. बस. पण ऐक, मागचं तुला काही दिसणार नाही. आरशात नुसतं आकाश दिसेल. मी वर आहे, मला टँकरचं बूड दिसतंय. फोन त्या टँकरवाल्याच्या हातात दे, शेजारी बसव, मोठ्या आवाजावर लाव. … लावला? … दादा, तुम्ही फक्त फोन धरायचा. सल्ला द्यायचा नाही. … रडलात तरी चालेल.

ठमे, मागे दुभाजक आहे. हातभर जागा, जास्त नाही. आणि चार शहाणे तिथेच उभे आहेत फोटो काढत. … ए, व्हा बाजूला. पिवळी छत्री, तुम्हालाच म्हणतेय. … गेले. माझा आवाज पुलाच्या त्या टोकाला जातो, त्याचा आज पहिल्यांदा उपयोग झाला.

स्टिअरिंग पूर्ण डावीकडे घे. पूर्ण. … आता येऊ दे. … येऊ दे… येऊ दे… हळू, पाणी हलू देऊ नकोस… येऊ दे… अजून आहे जागा… तुला वाटेल नाहीये, पण आहे. … ठमे, आहे म्हटलं ना. … येऊ दे… वितभर… चार बोटं…

बस.

… थांबलीस? … चार बोटंही नाहीत आता. दोन. … तोंड निघालं बाहेर. लाल बसची पट्टी मोकळी झाली. आता स्टिअरिंग उजवीकडे घे आणि हळूच पुढे. … हां. … हां. … झाली सरळ.

ठमे, झाली सरळ. एका दमात.

… टाळ्या कोण वाजवतंय? … लाल बसवाला? वाजवू दे.

… काही नाही. … मी बघतेय. … मला हे जमलं असतं. जमलं असतं गं, पण चार वेळा पुढेमागे करून, आणि दुभाजकाला एकदा चाटून. तू एकदाच केलंस. फुटक्या टाचेने. … हो, मी सांगत होते, पण मी कुणालाही सांगते. रोज ड्रायव्हरला ‘येऊ दे’ म्हणत आलेय, त्यातल्या अर्ध्यांनी भिंती पाडल्यात.

… तुला काय वाटलं, चुकीचं सांगेन? … नाही, विचारलंस ते बरं केलंस. तुझ्या जागी मीही विचारलं असतं. … मनात आलं का? आलं. ‘येऊ दे’ म्हणताना एकदा आलं. गेलं. आता ते कुठे आहे मला माहीत नाही, आणि तूही शोधू नकोस.

उद्या? … उद्या मी येणार. सोडते की काय. … जागा तुझी आहे, मला डोळे आहेत. पण मी येणार, गाडी चालवून दाखवणार, आणि साहेबांना सगळ्यांसमोर विचारणार, दुसरी जागा कधी काढता? तू स्टिअरिंगवरून विचारशील तर म्हणतील, पोट भरलेली बाई बोलतेय. हरलेलीने विचारलं की त्यांना उत्तर द्यावं लागतं. नाही दिलं तर दारात उभी राहीन रोज. दारात उभं राहायची मला सवय आहे.

… रडतेस काय? … टँकरवालाही रडतोय? मग धरा एकमेकांना, पण टँकर आधी पुढे घ्या. मागे अख्खं शहर उभं आहे. पूल उतरलीस की डावीकडे मोकळी जागा दिसतेय, तिथे लाव आणि त्याची किल्ली त्याला दे. आम्ही तिथेच उचलतो तुला. … हो, थांबवणार. गाईडने नाही थांबवली तर मी अस्वल कठड्यावरून खाली फेकीन, मग थांबवावीच लागेल. … बरं, नाही फेकत. चपला फेकीन. … माझ्या.

… पेंगू उठली बघ. विचारतेय, आलं का विमानतळ. … आलं नाही म्हणावं. … ती विचारतेय ठमी कुठाय. काय सांगू? … समोर टँकर चालवतेय म्हटलं तर ती परत झोपली. तिला वाटलं स्वप्न आहे.

हो… हो… निघ आता. गिअर टाक. … काय ते तिथे आल्यावर सांग. … अगं नंतर. … ठमे, दोन्ही हात स्टिअरिंगवर. फोन बंद कर. गाडी चालवताना फोनवर बोलायचं नाही. … मी कंडक्टर आहे, मी बोलू शकते. तू ड्रायव्हर आहेस.

नाही, फोन आधी तू नाही ठेवायचा. तुझे हात कामात आहेत.

मी ठेवते.